सवाल नंबर चौदा

हैदराबादहून आलेला लिफाफा रुद्रम्मानं दोनदा वाचला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. सोप्यातली सगळी माणसं तिच्या तोंडाकडं बघत बसली होती. घरात उर्दू वाचता येणारी माणसं दोनच. एक ती, आणि दुसरा तिचा भाचा शांतलिंग. पण निजामाच्या कागदाला बोट लावायचं नाही असं व्रत घेऊन तो ऑगस्टात कॉलेज सोडून लोहाऱ्याला आला होता, आणि आताही खांबाला टेकून आढ्याकडं बघत होता.

"अक्का, बोला की," हणमंतप्पा म्हणाला. "मंजूर का नामंजूर?"

"अर्धं मंजूर, अर्धं नामंजूर."

"म्हंजे?"

"चौदा नंबरचा सवाल मंजूर झालाय. बब्रुवानला का धरलं, कुठल्या कलमाखाली धरलं, कोर्टापुढं कधी उभं करणार. त्याचा जबाब अदालतीचे वजीर देणार. पंधरा नंबरचा नामंजूर. सोलापूरकडचा मुलूख हुकूमत परका मानती का आपला, हे विचारायचं न्हाय. बाहेरच्या मुलखाशी कसं वागायचं हे हुजुरांच्या मर्जीतलं काम, मजलिशीनं त्यात तोंड घालू नये."

"असं तोंडावर लिहिलंय?"

"तोंडावर कशाला लिहितील? लई गोड लिहिलंय. तुला 'मोअज्जज रुक्न', म्हंजे माननीय सभासद म्हटलंय. निम्मा कागद तुझ्या मोठेपणातच गेलाय."

हणमंतप्पाचा चेहरा तेवढ्यानंही उजळला. तो गडी तसाच होता. व्यापाऱ्यांच्या गटातून हैदराबादच्या मजलिशीवर, म्हणजे कायदे करणाऱ्या सभेवर, निवडून गेल्याला आता नऊ महिने होत आले होते. गाव त्याला मेंबर म्हणायचं, बायको 'आमचे मेंबर' म्हणून थट्टा करायची, आणि तो प्रत्येक बैठकीला जरीचा रुमाल बांधून जायचा, शेवटच्या रांगेत बसायचा आणि घरी येऊन तिथल्या झुंबरांचं वर्णन करायचा. इतक्या दिवसांत सभागृहात तो एकदाच बोलला होता. पंख्याचं वारं डोक्यावर येतंय, जरा बंद करा म्हणून. रुद्रम्मानं त्यावरूनही त्याला सोडलं नव्हतं.

पण बब्रुवानचं प्रकरण घरावर आलं आणि झुंबरं मागं पडली.

झालं होतं ते असं. हणमंतप्पाची थोरली लेक नीलम्मा सोलापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणायचं ठरलं. घरचा जुना गडी बब्रुवान गाडी घेऊन निघाला. तिकडून नीलम्माचा दीर तिला नाक्यापर्यंत पोचवणार, आणि इकडून बब्रुवान गाडीत घेणार. वर्षानुवर्षं हीच वहिवाट. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर फार तर गाडीतलं सामान उचकायचे. पण ऑगस्टात तिकडं इंग्रज गेला, इकडं निजाम राहिला, आणि नाक्यावरच्या नव्या जमादारानं विचारलं, "बाई परमुलखातली. परवाना कुठाय?"

बब्रुवान हसला. त्याला वाटलं, जमादार थट्टा करतोय. "परमुलखातली कशानं? ह्या पोरीला म्या खांद्यावर बसवून सोनारीची जत्रा दाखवलीया."

जमादारानं त्याच्या छातीवर हात ठेवून मागं ढकललं. बब्रुवाननं तो हात बाजूला केला. तेवढंच. नीलम्मा आल्या वाटेनं सासरी परत गेली, आणि बब्रुवान, गाडी, दोन्ही बैल सरकारजमा झाले. त्याला आता सात आठवडे उलटले होते. बब्रुवान हवालातीत होता आणि कुठल्याही मुन्सफानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. विचारायला जावं तर 'तपास चालू आहे' एवढाच जबाब. नीलम्माला आठवा लागला होता.

"तर मग झालं," हणमंतप्पाचा धाकटा भाऊ वीरभद्र म्हणाला. त्याची रुई दाबायची गिरणी होती, आणि गिरणीचा परवाना दर साली हैदराबादच्या शिक्क्यानं नवा व्हायचा. "अर्धा सवाल विचारून काय मिळणार? सोडून द्या. अण्णा, तुमी बिमार हाय म्हणून तार करा."

"बिमार?" सिद्धम्मा, हणमंतप्पाची बायको, माजघराच्या दारातून म्हणाली. "माझी पोरगी तिकडं अडकून पडली, आणि तुमी ह्यांना बिमार पाडताय व्हय, भावजी?"

"वैनी, तसं न्हाय. पण दिवस बघा की कसलेत. गावात रझाकारांची कवायत चाललीया. कुणाच्या नावाची चिठ्ठी कुठं जाईल सांगता येत न्हाय. वजिराला भर सभेत सवाल टाकायचा म्हंजे चेष्टा हाय का? उद्या गिरणीला टाळं लागलं तर चाळीस माणसं घरी बसतील."

"बाबा, टाळं लागलं तर लागू द्या," शांतलिंग आढ्याकडं बघतच बोलला. "आणि मोठे अप्पा, तुम्ही जाऊच नका तिकडं. ती मजलिस म्हणजे खेळण्यातली मजलिस आहे. चांगल्या लोकांनी तिच्यावर पहिल्याच दिवशी पाणी सोडलं. राजीनामा फेका तोंडावर."

"म्हंजे तू आणि तुझा बाप एकच बोलताय," रुद्रम्मा म्हणाली. "तो भितो म्हणून जाऊ नको म्हणतो, तू भीत न्हायस म्हणून जाऊ नको म्हणतोस. बब्रुवानला दोन्हीचा उपेग सारखाच."

शांतलिंगनं आढ्यावरची नजर खाली आणली. बापलेक एकमेकांकडं बघू लागले. गेल्या तीन महिन्यांत त्यांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते दोघांनाही आवडलेलं दिसलं नाही.

रुद्रम्माला या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती. नवरा गुलबर्ग्याला उर्दू शाळेत मास्तर होता. संध्याकाळी पोरांच्या वह्या तपासता तपासता त्यानंच तिला अलिफ-बे शिकवलं होतं. तो गेल्यावर ती कपाळावरची विभूती, गळ्यातलं लिंग आणि उर्दूची पाच पुस्तकं घेऊन भावाकडं आली, आणि तेव्हापासून अर्ध्या लोहाऱ्याच्या नोटिसा, समन्सं आणि सरकारी कागद तिच्याच सोप्यात वाचले जात. हणमंतप्पाचे दोन्ही सवाल तिनंच लिहिले होते. कागदावर सही तेवढी त्याची होती.

"पंधरा नंबर गेला तर जाऊ दे," ती म्हणाली. "चौदातूनच तो काढायचा. शांतलिंग, त्या मजलिशीचं नियमांचं पुस्तक तू वाचलंयस ना?"

"नावं ठेवायला वाचलं होतं."

"नावं ठेवायला वाचलेलंच नीट ध्यानात राहतं. जबाब आल्यावर पुन्हा उठून विचारता येतं का?"

शांतलिंग खांबापासून जरा सरकला. "येतं. जिमनी सवाल म्हणतात त्याला. पण जबाबातून निघालेलाच पाहिजे. बाहेरचं विचारलं की सदर, म्हणजे सभेचा अध्यक्ष, घंटी वाजवतो."

"म्हंजे अदालतीच्या वजिरानंच जर जबाबात परमुलूख म्हटलं…"

"…तर परमुलूख म्हणजे कुठला, हे विचारता येईल!" पोरगा ताडकन उठून बसला. "आणि ते सांगायला परराष्ट्राच्या वजिराला उठावं लागेल. आत्या, तुम्ही हैदराबादला वकिली करायला पाहिजे होती."

"मग तुमच्या नोटिसा कुणी वाचल्या असत्या?"

मग पुढचे चार दिवस त्या सोप्यात मजलिस भरली. रुद्रम्मा अदालतीची वजीर झाली, शांतलिंग परराष्ट्राचा वजीर झाला, आणि वीरभद्र नको नको म्हणत सदर झाला, कारण पूजेची घंटा त्याच्या हाताशी होती. हणमंतप्पा उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि तिसऱ्या वाक्याला अडकायचा.

"जनाबे सदर, वजीरसाहेब ये बताने की… ये बताने की…"

"जहमत," रुद्रम्मा खालून सांगायची.

"जहमत घेतील का, की सदर…"

"आता सदर कशाला आणलास? सदर इकडं बसलाय!"

वीरभद्र घंटा वाजवायचा. हणमंतप्पा चिडला की कानडीत जायचा. मग सिद्धम्मा आतून कानडीतच त्याला म्हणायची, की वजीरसाहेबांशी भांडा, माझ्या दिराशी नको. रुद्रम्मानं अकरा जिमनी सवाल लिहून काढले, त्यांना क्रम दिला, आणि वजीर काय बोलला तर काय बोलायचं ते समासात लाल शाईनं घातलं. हणमंतप्पानं ते सगळं पाठ केलं. झोपाळ्यावर बसूनसुद्धा तो पुटपुटत राहायचा.

चौथ्या दिवशी सिद्धम्माच फिरली. ती दुपारी रुद्रम्माजवळ येऊन बसली.

"अक्का, एक बोलू का? ह्यांना न पाठवलं तर?"

"तूच तर वीरभद्राशी भांडलीस."

"भांडले. पण काल भावजी म्हणाले, बब्रुवानला धरायला त्यांना कलम लागलं न्हाय. मग ह्यांना धरायला तरी कशाला लागेल? पोरगी सासरी हाय, चार माणसांत हाय. तिचं होईल नीट. हे आत गेले तर…"

सवाल लिहिताना ही गोष्ट रुद्रम्माच्या मनात आली नव्हती असं नाही. आली होती, पण तिनं ती समासाबाहेर ठेवली होती. सवाल तिचा आणि माणूस सिद्धम्माचा, असं पहिल्यांदाच तिला टोचलं.

तेवढ्यात हरणाबाई आली. बब्रुवानची आई. सात आठवडे ती रोज यायची, पायरीवर टेकायची आणि "काय कळलं का?" एवढंच विचारून परत जायची. त्या दिवशी ती पायरीवर न बसता आत आली. सिद्धम्माचं बोलणं तिनं बाहेरूनच ऐकलं असावं.

"अक्कासाब, अप्पास्नी काय विचारायला लावू नका," ती म्हणाली. "माझा एक आत हाय तेवढा पुरे. अप्पा आत गेले तर त्याला सोडवायला कोण जाईल? मी थांबते. मला थांबायची सवय हाय."

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. हणमंतप्पा उठून उंबऱ्यापाशी आला. त्याच्या हातात रुद्रम्माचा कागद होता.

"हरणाबाई," तो म्हणाला, "परवाच्या सर्व्हिस मोटारीनं मी निघतोय. अक्का, तुमीबी चला. बायकांची गॅलरी असती तिथं."

सिद्धम्मानं वाटेसाठी भाकरी करायला घेतल्या, आणि नेहमीपेक्षा दुप्पट केल्या.

हैदराबादच्या बागेआममधल्या मजलिशीच्या पांढऱ्या इमारतीत रुद्रम्मा पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. बायकांची गॅलरी वर होती, पुढं बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. तिच्या शेजारी अत्तर लावलेली एक बेगम बसली होती, ती मिनिटामिनिटाला पानाचा डबा उघडायची. पडद्याच्या फटीतून खालची सभा सगळी दिसत होती. शेरवान्या, फेटे, रुमी टोप्या. आणि शेवटच्या रांगेत जरीचा रुमाल. झुंबरं खरंच मोठी होती, हे रुद्रम्माला मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

"सवाल नंबर चौदा," खाली कुणीतरी पुकारलं.

अदालतीचे वजीर उठले. बारीक चणीचे, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी कागदावरून वाचलं, की सदर इसम बब्रुवान याला नाक्यावरच्या एका कायद्याचं उल्लंघन केल्यावरून आणि अंमलदाराच्या कामात अडथळा आणल्यावरून ताब्यात घेतलं आहे, तपास चालू आहे. आणि ते खाली बसले.

परमुलूख हा शब्द आलाच नव्हता. अकराच्या अकरा सवाल त्या एका शब्दावर उभे होते. रुद्रम्मानं समासात लिहिलेल्या सात जबाबांत हा जबाब कुठंच नव्हता.

हणमंतप्पा उभा राहिला. त्यानं कागद बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पुढच्या रांगेतल्या दोन टोप्या मागं वळून हसल्या. "जनाबे सदर," तो म्हणाला, "वजीरसाहेब ये बताने की… ये बताने की…"

"जहमत," रुद्रम्मा वर पुटपुटली. बेगमनं चमकून तिच्याकडं बघितलं.

हणमंतप्पानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग तो लोहाऱ्याच्या बाजारात बोलतो त्या दखनीत बोलू लागला. त्याचं सगळं रुद्रम्माला नंतर मराठीतच आठवायचं, इतकं ते त्याचं स्वतःचं होतं.

"साहेब, कंचा कायदा मोडला?"

"सरहद्द ओलांडण्यासंबंधीचा."

"बब्रुवाननं सरहद्द ओलांडली?"

वजिरांनी कागद चाळले. "त्यानं नाही."

"बैलांनी ओलांडली?"

इकडंतिकडं हसू फुटलं. वजीर हसले नाहीत. "बैलांनीही नाही. गाडी आपल्या हद्दीतच होती."

"मग ओलांडली कुणी, साहेब?"

"त्या बाईनं."

"ती बाई माझी लेक हाय. लोहाऱ्यात जन्मली. लोहाऱ्यातनंच तिची वरात निघाली, तवा नाक्यावरच्या लोकांनी लाडू खाल्ले. जाताना कुणी अडवलं न्हाय. येताना कायदा कुठनं मोडला?"

"जाताना ती इथली रयत होती," वजीर जरा तापून बोलले. "येताना ती परमुलखातून येत होती."

रुद्रम्मानं चिकाची काडी इतक्या जोरानं दाबली की ती मोडली. आला! शब्द आला!

सदरांचा हात घंटीकडं गेला होता, तो थांबला. जबाब वजिरांच्याच तोंडून आला होता. हणमंतप्पा दुसऱ्या बाजूला वळला, तिथं परराष्ट्राचे वजीर पाय लांब करून बसले होते.

"मग हे तुमीच सांगा, साहेब. सोलापूर परमुलूख हाय का? असला तर मी आजच परवान्याचा अर्ज टाकतो. कचेरी कुठंय तेवढं सांगा. न्हायतर माझ्या लेकीचा आठवा चाललाय, आणि मला माझ्या जावयाला काय तोंड दाखवावं ते कळंना झालंय."

आता मात्र सभा मोकळेपणानं हसली. "गद्दार!" म्हणून मागून एक आवाज आला, पण हसण्यात बुडाला. बेगमनं पानाचा डबा मिटला. "ये कौन साहब हैं?" तिनं विचारलं.

"मेरा छोटा भाई," रुद्रम्मा म्हणाली.

परराष्ट्राचे वजीर उठले. ते मोठे गोडबोले गृहस्थ होते, आणि त्या आठवड्यात दिल्लीशी बोलणी चालली होती. शेजारी परका आहे असं भर सभेत बोलायची त्यांची सोय नव्हती. त्यांनी सुरेख उर्दूत सांगितलं, की हुकूमतीचं धोरण शेजाऱ्यांशी दोस्तीचं आहे, बोलणी चालू असताना कुणालाही परकं ठरवण्याचा इरादा नाही, आणि माननीय सदस्यांच्या कन्येला परकी म्हणणं तर दूरच.

"म्हंजे माझी लेक परकी न्हाय?"

"हरगिज नहीं!" त्यांनी हात पसरून सांगितलं, आणि त्यांच्या बाजूच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत हणमंतप्पा उभाच राहिला. मग तो सावकाश पहिल्या वजिरांकडं वळला. "साहेब, आपण ऐकलं. माणूस परकं न्हाय. मग माझ्या गड्यानं सात आठवडे कशाची सजा भोगली?"

अदालतीचे वजीर परराष्ट्राच्या वजिरांकडं बघू लागले, परराष्ट्राचे वजीर झुंबरांकडं बघू लागले. मागं बसलेला एक चिटणीस वाकून काही तरी कानात बोलला. सभेत कुणी हसत नव्हतं आता. शेवटी वजिरांनी चष्मा काढला आणि कागदाशिवाय सांगितलं, की आठ दिवसांत त्या इसमाला मुन्सफापुढं उभं करण्यात येईल, आणि गुन्हा दिसला नाही तर सोडण्यात येईल.

"शुक्रिया," हणमंतप्पा म्हणाला आणि बसला. बसल्यावर त्यानं वर पंख्याकडं बघितलं, पण बोलला काही नाही.

बाहेर आल्यावर रुद्रम्मानं त्याला पहिल्यांदा शिव्या दिल्या. पाठ केलेलं कुठं गेलं, बैल मध्येच कशाला आणलेस, जावयाचं भर सभेत कशाला काढलंस. हणमंतप्पा मान खाली घालून ऐकत होता. मग तिनं त्याच्या रुमालाचा सुटलेला शेव नीट खोचला, लहानपणी शाळेला जाताना खोचायची तसा, आणि म्हणाली, "हणमंता, तो कागद दे इकडं. मोटारीत शेंगा बांधायला होईल."

आठ दिवसांचे अकरा झाले, पण बब्रुवान आला. मुन्सफानं दोन मिनिटांत सोडला. एका दुपारी गाडीला जुंपलेल्या बैलांच्या पुढं चालत तो वेशीतून आत शिरला तेव्हा दाढी छातीपर्यंत आली होती आणि बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. हरणाबाई त्याला मिठी मारायच्या आधी बैलांना पाणी दाखवायला गेली, कारण त्याच्याकडं बघायची तिची हिंमत होईना. तो पायरीवर बसला. सिद्धम्मानं दिलेलं ताक त्यानं एका दमात संपवलं.

"अप्पा, काय झालं काय कळलंच न्हाय," तो म्हणाला. "कालपतुर कुणी नाव घेत नव्हतं. आज सकाळी आलं आन् म्हणलं, ऊठ, तुझ्यापायी वजीर भांडलं. म्या म्हणलं, कोण वजीर? म्या तर कुणाला वळखत न्हाय."

"आमीबी न्हाय वळखत," हणमंतप्पा म्हणाला, आणि त्याला एकदम हसू आवरेना.

नीलम्माला आणायला बब्रुवानच जाणार म्हणाला. तिथंच, त्याच नाक्यावर, तीच गाडी. घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं, पण तो ऐकेना. बरोबर शांतलिंग गेला. उर्दू वर्तमानपत्रात वजिरांचा जबाब छापून आला होता, तो अंक त्यानं छातीशी धरला होता. निजामाचा कागद म्हणून तो त्याला चालला. जमादारानं अंक वाचला, बब्रुवानकडं बघितलं, आणि नाक्याचा आडवा दांडा वर केला. नीलम्मा येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच बाळंत झाली. मुलगी झाली, आणि घरभर बाळंतशेपेचा वास सुटला.

त्याच आठवड्यात वीरभद्राच्या गिरणीचा परवाना नामंजूर होऊन आला, आणि गिरणी बंद पडली. कारण दिलेलं नव्हतं.

कागद रुद्रम्मानंच वाचून दाखवला. वाचताना तिला भावाच्या तोंडाकडं बघवेना. वीरभद्रानं दिवाळीपासून हेच सांगितलं होतं, शब्दान् शब्द. सिद्धम्मा बाळाला मांडीवर घेऊन दारात उभी राहिली. शांतलिंग बापापाशी येऊन बसला. हणमंतप्पा झोपाळ्यावरून उतरून खाली बसला.

"वीरभद्रा, माझं चुकलं असंल तर…" त्यानं सुरुवात केली.

वीरभद्रानं हात वर केला. रिहर्सलीत घंटा वाजवायचा तसा नव्हे, नुसता वर केला. तो त्या कागदाच्या शिक्क्याकडं बघत होता. चाळीस माणसं कालपासून गिरणीच्या दारात बसून होती, ती त्याला दिसत असावीत. मग तो उठला, खुंटीवरचा अंगरखा काढून अंगात घातला, जसा काही कुठं निघालाय, आणि पुन्हा खाली बसला.

"कारण दिलं न्हाय," तो म्हणाला. "बघा की. कारण द्यायला नको का? चोराला धरलं तरी कारण सांगत्यात."

"द्यायला पाहिजे," रुद्रम्मा म्हणाली.

"पुढची बैठक कधीय, अण्णा?"

"संक्रांतीनंतर."

"मग शांतलिंग, ते नियमांचं पुस्तक आण." वीरभद्रानं मांडी घातली आणि कागद आपल्या पुढ्यात ओढला. "अक्का, दौत घ्या. आणि वैनी, चहा टाका जरा जास्त. ह्यावेळी सवाल माझा हाय, आणि तो लई लांब होणार हाय."